छतावरची वीज, कागदावरचा हिशेब

आमच्या गच्चीवर पॅनेल लागल्यापासून गल्लीत भेटेल तो विचारतो, "काय काकू, बिल शून्य आलं ना?" हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर समोरचा लगेच म्हणतो, "बघा, मी म्हणत होतो, सगळं थोतांड आहे." दोन्ही खरं नाही. सोलर फायद्याचं आहे, आणि त्यापायी होणारा मनस्तापही खरा आहे. छतावर पॅनेल चढली की वीज कंपनीशी आपला संबंध संपतो, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात तो दुप्पट होतो. आधी आपण वीज फक्त घेत होतो, आता देतोही. देवाणघेवाण आली की हिशेब आला, आणि तो ठेवला जातो समोरच्याच्या संगणकात. म्हणून आपली वही आपल्याकडे हवी. या वहीनं मला जे शिकवलं, ते क्रमानं सांगते.

१. आधी बिल वाचा, मग पॅनेल मोजा.

सोलरवाला घरी येतो तो थेट गच्चीवर जातो. त्याला आधी खाली बसवा आणि मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. टप्पा चढला की युनिटचा दरही चढतो. सोलर सगळ्यात आधी वरच्या, महाग टप्प्यातली युनिटं खातं. त्यामुळे महिन्याला साडेतीनशे युनिट जाळणाऱ्याला फायदा पटकन दिसतो आणि ऐंशी युनिटांत भागवणाऱ्याला गुंतवणूक वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात.

आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण चार युनिटं मिळतात, म्हणजे महिन्याला एकशे वीसच्या आसपास. आषाढ-श्रावणात बरीच कमी. शिवाय बिलातला स्थिर आकार सोलरनंतरही सुटत नाही. एका युनिटचं देणं नसलं तरी तो येतोच. 'शून्य बिल' ही जाहिरातीतली भाषा आहे.

२. बिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा.

आमचं बिल सासऱ्यांच्या नावावर होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण बिल वेळेवर भरलं जात होतं, म्हणून नाव बदलायची गरज कुणाला वाटली नव्हती. अर्ज करताना गाडी इथेच अडली. वीजजोडणी, घराचे कागद आणि अनुदान जमा व्हायचं ते बँक खातं, या तिन्हीकडच्या नावांचा मेळ लागतो. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घरपट्टीची पावती हे सगळं जमवताना यांच्या धाकट्या भावाची सही आणायला परगावी जावं लागलं. गावोगावी कितीतरी घरं आजही आजोबांच्या नावावर वीज जाळतात. सोलर बसवा न बसवा, हे काम उरकून टाका.

३. अनुदान तीन किलोवॉटला थांबतं.

केंद्राची 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक कोटी घरांचं लक्ष्य आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक कितीही किलोवॉटला ७८,०००. म्हणजे पाच किलोवॉट बसवलं तरी अनुदान तेवढंच. गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये आहेत, हे अनेक सोसायट्यांच्या अध्यक्षांना माहीतच नसतं.

दोन गोष्टी विक्रेता हळू आवाजात सांगतो. पहिली, अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेलं लागतं आणि त्यातले सेलही भारतातच बनलेले लागतात. स्वस्त कोटेशन दिसलं की हे आधी विचारा. दुसरी, पैसे काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर तुमच्या खात्यात येतात. तोवर रक्कम आपल्याच खिशातून जाते, नाहीतर कर्ज काढावं लागतं. योजनेखाली विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. ती करारात लिहून घ्या.

४. गच्ची घराची आहे, हे विसरू नका.

एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. उंच स्टँडचा खर्च जास्त, पण खाली वाळवण घालता येतं आणि कपडेही वाळतात. टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या आंब्याची सावली सकाळी आणि संध्याकाळी स्वतः उभं राहून बघा. एका पॅनेलवर सावली आली की साखळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन घटू शकतं. अर्थिंग तीन हवीत: पॅनेलकडची, घराकडची आणि वीजरोधकाची. धुवायचं सकाळी लवकर, साध्या पाण्यानं. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात.

५. मीटर बदलल्याशिवाय स्विच चालू करू नका.

सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. पॅनेल वर चमकत असतात, ऊन कडकडीत असतं आणि नेट मीटरचा, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरचा, पत्ता नसतो. आमचे कित्येक आठवडे असेच गेले. सोलरवाला म्हणाला, "काकू, चालू करून टाका, कोण बघतंय?" मी नाही केलं, आणि बरं झालं. बरेचसे जुने इलेक्ट्रॉनिक मीटर वीज आत येते की बाहेर जाते, हा फरक करत नाहीत. बाहेर दिलेलं युनिटही ते वापर म्हणूनच मोजतात. आमच्या ओळखीतल्या एकांनी चालू केलं आणि त्यांचं बिल घटण्याऐवजी फुगलं.

या बाबतीत नियम ग्राहकाच्या बाजूनं आहेत, फक्त ते माहीत हवेत. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची गरज नाही, तो मंजूरच मानायचा. मंजूर भार वाढवावा लागला तर तो कंपनीनं वाढवून द्यायचा. यंत्रणा बसल्यानंतर ती कार्यान्वित करायची कंपनीची मुदत तीस दिवसांवरून पंधरावर आणली. मी हे कागदावर लिहून, अर्ज क्रमांक घालून कार्यालयात दिलं आणि पोच घेतली. तोवर "मीटर शिल्लक नाही" एवढंच उत्तर मिळत होतं. पोच घेतल्यावर निदान फाइल कुणाच्या टेबलावर आहे, ते कळलं.

६. तीन आकडे वेगळे आहेत, ते वेगळेच लिहा.

हा मुद्दा शांतपणे वाचा, कारण निम्मी भांडणं इथूनच निघतात. इन्व्हर्टरच्या ॲपवर दिसतं ते उत्पादन. नेट मीटरवर दिसतात आयात आणि निर्यात. समजा, महिन्यात ३६० युनिटं तयार झाली आणि बिलावर निर्यात २१० दिसली. पुष्कळ जण म्हणतात, "कंपनीनं दीडशे युनिटं खाल्ली!" खाल्ली नाहीत. ती दीडशे दिवसा आपल्याच घरात, फ्रिज-पंखा-मिक्सरवर खर्च झाली. ती नेट मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. घराचा खरा वापर काढायचा तर उत्पादनातून निर्यात वजा करा आणि आयात मिळवा.

हे समजल्यावर मग कंपनीची चूक पकडता येते. आमच्या सुरुवातीच्या बिलात निर्यात शून्य होती आणि मीटर क्रमांक जुनाच छापला होता. खिडकीवरच्या मुलानं स्क्रीन बघून सांगितलं, "काकू, सिस्टीममध्ये येत नाहीये." मी म्हटलं, "तुमच्या सिस्टीममध्ये येत नसेल, माझ्या वहीत आहे." दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मी मीटरचे आकडे लिहिते आणि फोटो काढते. दुधाच्या वहीचीच मागची पानं वापरते. ती वही आणि फोटो लेखी तक्रारीला जोडले, तेव्हा बिल दुरुस्त होऊन आलं.

७. मार्चअखेर शिल्लक पुसली जाते.

जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हा हिशेब एप्रिल ते मार्च असाच चालतो. वर्षाअखेरीस उरलेली युनिटं कंपनी ठरलेल्या दरानं विकत घेते, आणि तो दर आपण वरच्या टप्प्यात मोजतो त्याच्या जवळपासही नसतो. ऑक्टोबरपासून थंडीत साठवलेली शिल्लक नेमकी एसी-कुलर सुरू व्हायच्या तोंडावर संपते. याचा राग येतो, आणि यावा. पण त्यातून धडा घ्यायचा तो असा: वर्षाच्या गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवू नका. "जास्तीची वीज विकून कमवा" असं कोणी सांगितलं तर त्याला विक्रीचा दर विचारा.

८. वीज गेली की सोलरही जातं.

भर दुपारी, बारा वाजता दिवे गेले, तेव्हा आमच्याकडचे पाहुणे गच्चीकडे बघून हसले. बॅटरी नसलेला साधा इन्व्हर्टर ग्रिडची वीज गेली की मुद्दाम बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगात आपली वीज जाऊ नये, यासाठी ती व्यवस्था आहे. वीज वारंवार जात असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीचा खर्च आधीच धरा.

दुसरा त्रास दिसत नाही. दुपारी लोक कामावर असतात, तारांवर भार कमी आणि व्होल्टेज चढतं. ते ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. ऐन उन्हात उत्पादन शून्य. ॲपमध्ये त्याची नोंद वेळेसकट राहते. तीच तक्रारीला जोडा. नुसतं "सोलर नीट चालत नाही" म्हटलं तर वीजवाले सोलरवाल्याकडे बोट दाखवतात आणि सोलरवाला वीजवाल्यांकडे.

९. नियम बदलतात, आणि बदलण्याआधी विचारलंही जातं.

राज्यात दर आणि नियम ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. २०१९ मध्ये छतावरच्या सौरऊर्जेच्या विनियमांचा मसुदा आला, त्यात नेट मीटरिंगला, म्हणजे दिलेली युनिटं घेतलेल्या युनिटांतून वळती करण्याच्या पद्धतीला, मर्यादा घालण्याचा प्रस्ताव होता. ग्राहकांनी आणि सौर व्यावसायिकांनी जोरदार हरकती घेतल्या. डिसेंबरअखेर अंतिम विनियम आले तेव्हा नेट मीटरिंग कायम राहिलं होतं. २०२५ मध्ये मार्चच्या शेवटी आयोगाचा दर आदेश आला, काही दिवसांत त्याला स्थगिती मिळाली आणि जूनमध्ये सुधारित आदेश निघाला. त्या काळात दिवसाची युनिटं रात्रीच्या वापरात पूर्वीसारखी वळती होतील की नाही, या चिंतेनं सोलरवाली घरं अस्वस्थ होती.

कंपनीचीही एक बाजू आहे. तारा, रोहित्रं, माणसं यांचा खर्च दिवसा सोलर चाललं म्हणून कमी होत नाही, आणि संध्याकाळी सात वाजता सगळ्यांना एकदम वीज लागते. हे मान्य. पण पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू लोकांनी कर्ज काढून घ्यायची आणि तिच्या हिशेबाची पद्धत अधूनमधून हलवायची, हे मान्य होण्यासारखं नाही. मसुदा निघाला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि सूचना-हरकतींची मुदत दिलेली असते. साध्या मराठीत चार ओळी लिहून पाठवता येतात. बहुतेक जण ती सूचना वाचतच नाहीत आणि मग आदेशावर चिडतात.

१०. आवाज चढवू नका, पायरी चढा.

मीटर वाचायला येणाऱ्या पोरावर ओरडून काही होत नाही. दर त्यानं ठरवलेला नाही आणि बिलही त्यानं काढलेलं नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. दाद मिळाली नाही, तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंच. तिथला निर्णय पटला नाही, तर विद्युत लोकपाल, ज्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. मंच आणि लोकपाल ही व्यवस्था २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४२ मधली आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे जावं लागतं. आपलं म्हणणं आपण स्वतः मांडू शकतो. मंचापर्यंत जायची वेळ माझ्यावर आली नाही. पण पत्राच्या शेवटी "अन्यथा मंचाकडे दाद मागावी लागेल" असं लिहिल्यावर उत्तराची भाषा बदलते, हे मी अनुभवलं आहे.

११. तरीही बसवा.

इतकं वाचून कोणी बेत रद्द करू नये. आमचं वर्षाचं बिल मोठ्या फरकानं उतरलं आहे आणि उन्हाळ्यात पंखा-कुलर लावताना हात आखडत नाही. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे अख्खं गाव २०२४ मध्ये सौरग्राम झालं. एका वाडीला जमतं, तर एका घराला का जमू नये? ज्याची गच्ची स्वतःची आहे, सावली नाही आणि वापर महिन्याला दोनशे युनिटांच्या वर आहे, त्यानं हे करावंच. फक्त सोलर बसवणाऱ्यावर आणि बिल काढणाऱ्यावर सगळं सोपवून मोकळं होऊ नये. आज घरी गेल्यावर दोन कामं करा: वीजबिलावरचं नाव वाचा आणि मीटरचा आकडा तारखेसकट लिहून ठेवा. सोलरवाल्याला फोन त्यानंतर.