गोठ्यातली जागा

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात, तोच वसईच्या वाड्यांमधून कागदी तारे झळकू लागतात. कोठे ओटीच्या तुळईला, कोठे अंगणातील सोनचाफ्याच्या फांदीला असा एखादा तारा रात्रभर मंद तेवत असतो. हवेत गारवा आलेला असतो. पहाटे विहिरीच्या काठी धुके उतरते. वाटेने जाणाऱ्याने ओळखावे, की नाताळ जवळ आला.

वसई हा पालघर जिल्ह्यातील, मुंबईच्या उत्तरेकडील भाग होय. १५३४ साली तो पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे वर्षांत येथील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांचा धर्म बदलला, परंतु शेती सुटली नाही आणि भाषाही सुटली नाही. कादोडी, वाडवळी या येथील बोली आजही घरांतून ऐकू येतात. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतला. त्याचा मूळ अर्थ जन्माशी निगडित आहे. पण 'पाव' आणि 'चावी' या शब्दांप्रमाणे तोही मराठीत असा मिसळून गेला, की परका म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही. येशूच्या जन्माची कथाही मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ती ओव्यांतून सांगितलेली आहे.

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. हा वाट पाहण्याचा काळ. परंतु शेतकऱ्याला स्वस्थ बसून वाट पाहता येत नाही. फुले पहाटेच खुडावी लागतात, भाजीच्या जुड्या बांधाव्या लागतात आणि उजाडण्यापूर्वी गाडी गाठून माल मुंबईच्या बाजारात पोहोचवावा लागतो. दुपारी घरी परतलेली बाई पाटी उतरवते, घटकाभर टेकते आणि पुन्हा कामाला लागते. घराची झाडलोट करायची असते, करंज्यांचे सारण भाजायचे असते. कुलकुल करायला तर सारे घरच एकत्र बसते. पिठाची बोराएवढी गोळी काट्यावर दाबून गुंडाळली, की शिंपल्यासारखा आकार येतो. वडीलधारी माणसे जुन्या गोष्टी सांगतात, मुलांचे हात चालू राहतात आणि परात केव्हा भरली ते कळतही नाही.

मुलांचा सारा जीव मात्र गोठ्यात असतो. येशूचा जन्म बेथलेहेम गावी झाला. मरिया आणि योसेफ तेथे पोहोचले, तेव्हा उतारशाळा भरून गेली होती. जागा न मिळाल्यामुळे बाळाला जनावरांच्या गव्हाणीत निजवावे लागले. या प्रसंगाची आठवण म्हणून संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी खरी गव्हाणी, गवत आणि खरी जनावरे मांडून देखावा उभा केला. ती प्रथा पुढे देशोदेशी पसरली. वसईची मुले बांबूच्या कामट्या आणि भाताचा पेंढा घेऊन गोठा बांधतात. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात, तसे काही घरी वाटीत धान्य पेरून त्याचे हिरवे रोप गोठ्यापुढे शेत म्हणून मांडतात.

अशाच एका घरातील ही गोष्ट आहे. त्या घराच्या शेजारची वाडी त्या वर्षी विकली गेली होती. केळीची खुंटे उपटली गेली, विहीर बुजवली गेली आणि मोठ्या इमारतीचा पाया खणला जाऊ लागला. वसईत अशा कितीतरी वाड्या नाहीशा झाल्या आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हिरव्या वसईच्या रक्षणासाठी चळवळही केली. त्या घरातील आजीने शेजारची विहीर बुजताना पाहिली, तेव्हा दोन दिवस तिला अन्न गोड लागले नव्हते.

नाताळच्या आदल्या दिवशी आजीने फराळाची ताटे भरली. दिवाळीत ज्या घरांतून फराळ आला होता, त्या घरांना ताटे गेली. मग तिने आणखी एक ताट भरले आणि नातवाला म्हणाली, "हे पलीकडच्या झोपडीत देऊन ये."

पलीकडे इमारतीच्या कामावरील मजुरांची पत्र्याची झोपडी होती. दूरच्या दुष्काळी गावाहून एक कुटुंब नुकतेच तेथे उतरले होते.

नातू जागचा हलला नाही. तो म्हणाला, "आजी, त्यांनीच तर ती विहीर बुजवली. त्यांना कशाला फराळ? आणि आपली त्यांची ओळख तरी कुठे आहे?"

आजी क्षणभर थांबली. मग शांतपणे म्हणाली, "विहीर गेली, त्याचे दुःख मलाही आहे रे. पण वाडी काही त्यांनी विकत घेतली नाही. ते पोटासाठी माती उपसतात. इमारत उभी राहिली, की तिच्यात त्यांना राहायला मिळणार नाही. ते दुसरीकडे जातील. आणि ओळखीचे म्हणशील, तर बेथलेहेममध्येही त्या दोघांना कोण ओळखत होते?"

नातवाने गोठ्याकडे पाहिले. काही न बोलता त्याने ताट उचलले.

रात्री चर्चची घंटा झाली. पूर्वी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरलेल्या धर्मसभेनंतर लोकभाषांना उपासनेत स्थान मिळाले आणि वसईत मराठी प्रार्थना व गीते घुमू लागली. त्या रात्रीही ती घुमली.

सकाळी ताट परत आले. रिकामे ताट परत पाठवू नये, ही रीत त्या झोपडीतही पाळली जात होती. ताटात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा होता. ताट घेऊन आलेला लहान मुलगा दारातच उभा राहून गोठा निरखू लागला. आत यावे की नाही, हे त्याला कळेना.

नातू गोठ्यापुढे बसला होता. तो थोडा बाजूला सरकला आणि त्याने त्या मुलाला आपल्याशेजारी जागा करून दिली.

शब्दार्थ
वाडी – बागायती जमीन व तिच्यातील घर
तुळई – छताला आधार देणारे आडवे लाकूड
उतारशाळा – प्रवाशांच्या मुक्कामाची जागा
गव्हाणी – जनावरांना चारा घालण्याची जागा
मिस्सा – ख्रिस्ती लोकांची सामुदायिक उपासना

स्वाध्याय
१. 'धर्म बदलला, परंतु भाषा सुटली नाही' हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. नातवाने ताट नेण्यास प्रथम नकार का दिला? त्याचे म्हणणे तुम्हांला पटते का?
३. पाठाला 'गोठ्यातली जागा' हे नाव का दिले असावे?
४. तुमच्या घरी सणाच्या दिवसांत चालणाऱ्या कामांचे दहा ओळींत वर्णन करा.