बंदी घातलेल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती कशी ओळखावी?

प्रश्न : सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथाची जुनी मराठी प्रत ‘पहिली आवृत्ती’ म्हणून विकत मिळते आहे. घ्यावी का? (एक वाचक, अंबत्तूर, चेन्नई)

उत्तर : आधी छपाईचा इतिहास तपासा. ग्रंथ मराठीत लिहिला गेला, पण प्रथम छापला गेला तो १९०९ मधला इंग्रजी अनुवाद. तो हॉलंडमध्ये छापला गेला आणि त्यावर लेखकाचे नाव नव्हते. सरकारने प्रसिद्धीपूर्वीच बंदी घातल्याने प्रती खोट्या वेष्टनांतून भारतात आल्या. मूळ मराठी पुस्तक स्वातंत्र्यानंतर प्रसिद्ध झाले. म्हणून १९०९ सालची मराठी प्रत कोणी दाखवली, तर ती नाकारावी. प्रचारग्रंथांत मुखपृष्ठावरचा मजकूर मुद्दाम फसवा असू शकतो; कागद, टंक, बांधणी आणि पूर्वमालकांचे शिक्के हाच खरा पुरावा.

मजकूर संगणकावर वाचता येतो, मग प्रत कशाला, असे कोणी म्हणेल. पण पुस्तक कसे लपवले, कोणी वाचले, हे प्रतच सांगते. प्रचारसाहित्य जपणे म्हणजे त्याचा पुरस्कार करणेही नव्हे. विरोधकालाही पुरावा लागतोच. तुमच्या शहरात तरमणीला रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय आहे. जुन्या छपाईचे नमुने तिथे पाहा, मगच पैसे मोजा.