मालाचा खरा रंग: कॅमेऱ्यातील सेटिंग आणि रॉ फाईल

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापाराची रीत बदलली आहे. जरीची साडी असो, औरंगाबादी हिमरू शाल असो की बिदरची बिद्री सुरई असो, आज पुष्कळ गिऱ्हाईक मालाला हात लावून पाहत नाही. ते फोटो पाहते आणि मागणी नोंदवते. पार्सल उघडल्यावर रंग वेगळा निघाला की माल परत येतो, भाड्याचा भुर्दंड बहुधा विकणाऱ्याच्या माथी बसतो आणि गिऱ्हाईकही तुटते. कारागिराच्या हातात खोट नसते, खोट फोटोत असते. म्हणून या लेखात आम्ही फोटोच्या तंत्रातील एका गोष्टीची उकल करणार आहोत, जिच्याविषयी दुकानदारांमध्ये आणि स्टुडिओवाल्यांमध्येही बराच गैरसमज आढळतो.

प्रश्न असा आहे. कॅमेऱ्यात ‘व्हिव्हिड’, ‘न्यूट्रल’, ‘पोर्ट्रेट’ अशी सेटिंगे असतात. कॅनन त्यांना ‘पिक्चर स्टाइल’ म्हणते, निकॉन ‘पिक्चर कंट्रोल’, फुजीफिल्म ‘फिल्म सिम्युलेशन’ आणि सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत त्यांना ‘क्रिएटिव्ह लुक’ असे नाव आहे. फोटो रॉ पद्धतीने काढला तर या सेटिंगचा परिणाम संगणकावर दुरुस्ती करताना राहतो की नाही?

कोरा ताका आणि चिठ्ठी

भिवंडी-मालेगावच्या बांधवांना हे लगेच समजेल. मागावरून उतरलेले कोरे कापड म्हणजे रॉ फाईल, आणि प्रोसेस हाऊसमधून रंगून, इस्त्री होऊन आलेले कापड म्हणजे जेपेग फोटो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जेवढा प्रकाश पडला त्याची मोजदाद रॉ फाईलमध्ये असते. जेपेगमध्ये मात्र रंग, गडदपणा आणि धार हे सर्व कॅमेऱ्याने ठरवून पक्के केलेले असते. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये त्याच मोजणीच्या १६,३८४ पायऱ्या असतात. दुरुस्तीला वाव कोणात जास्त, हे यावरून ध्यानात येईल.

‘व्हिव्हिड’ किंवा ‘न्यूट्रल’ हे सेटिंग म्हणजे कोऱ्या ताक्याला टाचलेली चिठ्ठी होय. ‘याला गडद रंग द्यावा’ असे चिठ्ठीवर लिहिल्याने ताक्याचे सूत बदलत नाही. प्रोसेस करणाऱ्याने चिठ्ठी वाचली तर तसा रंग देईल, नाही वाचली तर आपल्या पद्धतीने देईल. व्हाइट बॅलन्सही अशीच चिठ्ठी आहे. एसआरजीबी की ॲडोबी आरजीबी, ही निवडही रॉ फाईलपुरती चिठ्ठीच समजावी.

याची खात्री घरच्या घरी करता येते. कॅमेरा तिपाईवर लावावा, उजेड कायम ठेवावा, एक्स्पोजर मॅन्युअल आणि व्हाइट बॅलन्स एकच ठेवावा. एकाच शालीचे दोन रॉ फोटो काढावेत, एक ‘व्हिव्हिड’वर आणि दुसरा ‘मोनोक्रोम’वर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक भडक दिसेल, दुसरा काळा-पांढरा. लाइटरूममध्ये दोन्हींना ‘ॲडोबी कलर’ हे एकच प्रोफाइल द्यावे. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग परत येतील आणि दोन्ही फोटो सारखे दिसतील.

उघडताच रंग का उतरतो?

लाइटरूममध्ये रॉ फोटो उघडला की पहिल्या क्षणी झळझळीत दिसतो आणि लगेच फिका पडतो, हा अनुभव अनेकांना येतो. फाईल बिघडली असा समज करून घेऊ नये. रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने तयार केलेले एक लहान जेपेग चित्र असते. आधी ते दिसते. मग लाइटरूम चिठ्ठी बाजूला ठेवून मूळ मोजणीवरून स्वतःचे चित्र तयार करते. २०१८ पासून त्यासाठी ‘ॲडोबी कलर’ हे प्रोफाइल आपोआप लावले जाते.

चिठ्ठीप्रमाणे रंग हवा असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर वापरावे. कॅननचे ‘डिजिटल फोटो प्रोफेशनल’ आणि निकॉनचे ‘एनएक्स स्टुडिओ’ आपापल्या कॅमेऱ्याची चिठ्ठी वाचतात. दुसरा मार्ग लाइटरूममध्येच आहे. प्रोफाइलच्या यादीत ‘कॅमेरा मॅचिंग’ या गटातून हवे ते निवडावे. २०२० पासून लाइटरूम क्लासिकच्या प्रेफरन्सेसमध्ये रॉ डिफॉल्ट म्हणून ‘कॅमेरा सेटिंग्ज’ निवडण्याचीही सोय आहे. आपल्या कॅमेऱ्याचे प्रोफाइल उपलब्ध असेल तर ते मग आपोआप लागते. यातले काहीही निवडले तरी मूळ फाईल अबाधित राहते, निवड केव्हाही बदलता येते.

चिठ्ठीचे छुपे नुकसान

‘मग कॅमेऱ्यात काहीही सेटिंग असले तरी चालेल’ असे मात्र कोणी समजू नये. खरी गोम इथेच आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र, उजेडाचा आलेख म्हणजे हिस्टोग्राम, आणि जास्त उजेड झाल्यावर लुकलुकणारा इशारा, हे सर्व सामान्यतः जेपेग चित्रावरून ठरते, रॉ मोजणीवरून नव्हे.

समजा, लाल साडी ‘व्हिव्हिड’ सेटिंगवर टिपली. सेटिंगने लाल रंग वाढवला, त्यामुळे इशारा लुकलुकू लागला. फोटोग्राफरने घाबरून एक्स्पोजर कमी केले. वास्तविक रॉ फाईलमध्ये अजून जागा होती. आता फाईल अंधारी आली, आणि संगणकावर उजळ करताना पदराच्या गडद भागात दाणे उमटले. बिद्री कामात हे अधिक जाणवते. जस्त-तांब्याच्या धातूचा काळा पृष्ठभाग आणि त्यावर चांदीची तार असा तिथे टोकाचा फरक असतो. भडक सेटिंगमुळे पडद्यावर काळ्यातला बारकावा नाहीसा दिसतो आणि चांदी जळल्यासारखी वाटते. चिठ्ठीने सूत बदलले नाही, पण चिठ्ठी पाहून माणसाने चुकीचा ताका विणला.

म्हणून रॉ फोटो काढणाऱ्याने ‘न्यूट्रल’, ‘फेथफुल’ किंवा ‘फ्लॅट’ असे सौम्य सेटिंग ठेवावे. पडद्यावर चित्र निस्तेज दिसेल, पण आलेख खऱ्याच्या अधिक जवळ राहील.

रॉ फाईलमध्ये खरोखर काय उतरते?

शटर, ॲपर्चर आणि आयएसओ यांचा परिणाम रॉ फाईलवर होतो, आणि सर्वांत आधी प्रकाशाचा. याशिवाय काही सेटिंगे दिसायला चिठ्ठीसारखी, पण प्रत्यक्षात सुतालाच हात घालणारी आहेत. कॅननचे ‘हायलाइट टोन प्रायॉरिटी’ आणि फुजीफिल्मचे ‘डीआर २००’ व ‘डीआर ४००’ चकाकणारा भाग वाचवण्यासाठी रॉ फाईल कमी उजेडात नोंदवतात. निकॉनचे ‘ॲक्टिव्ह डी-लाइटिंग’ स्वयंचलित एक्स्पोजर असताना उजेड कमी करू शकते. मालाचे फोटो काढताना ही तिन्ही बंद ठेवावीत.

मोबाइलवाल्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की साध्या मोबाइल फोटोत सर्व रंगकाम आधीच पक्के झालेले असते. ॲपलने २०२० मध्ये आणलेल्या ‘प्रोरॉ’ फाईलमध्येही अनेक चित्रे जोडण्याचे काम फोनने आधीच केलेले असते. ती अगदी कोरा ताका नव्हे.

दुकानात करावयाची व्यवस्था

१. एकाच प्रकारचा प्रकाश वापरावा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र असेल तर एका बाजूचा रंग सुधारताना दुसऱ्या बाजूचा बिघडतो. एलईडी दिवा घेताना त्याचा सीआरआय ९० किंवा अधिक असल्याचे पाहावे. हलक्या दिव्याखाली काही रंग मुळातच नीट नोंदले जात नाहीत, आणि जे नोंदलेच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार?

२. उजेड बदलला की प्रत्येक वेळी पहिला फोटो करड्या कार्डासह काढावा. सॉफ्टवेअरमधील व्हाइट बॅलन्सचे ड्रॉपर त्या कार्डावर टेकवून तोच व्हाइट बॅलन्स बाकीच्या फोटोंना द्यावा.

३. सर्व मालासाठी एकच प्रोफाइल ठरवावे. आज एक, उद्या दुसरे असे केल्यास एकाच रंगाच्या दोन साड्या दोन रंगांच्या दिसतात.

४. फोटो पक्का करण्यापूर्वी माल शेजारी ठेवून पडद्याशी ताडून पाहावा. पडदा कॅलिब्रेट केलेला असेल तर उत्तमच.

५. वेबसाइटसाठी किंवा व्हॉट्सॲपसाठी फोटो एसआरजीबीमध्येच काढून द्यावा.

६. मूळ रॉ फाईल जपून ठेवावी. तक्रार आली तर तिच्यावरून रंग पुन्हा तपासता येतो.

गिऱ्हाईकाच्या मोबाइलचा पडदा कसा असेल हे आपल्या हातात नाही. पण आपल्याकडून निघालेला फोटो मालाशी जुळणारा असावा, हे आपल्याच हातात आहे. भडक रंगाने एक साडी विकली जाईल. रंग जसाच्या तसा निघाला तर तेच गिऱ्हाईक दुसऱ्या साडीसाठी परत येईल.