मृगांतील तेजोमेघ आणि घरचा संगणक



गेल्या मार्गशीर्ष महिन्यांतील अमावास्येच्या सुमारास आपल्या शाळेच्या विज्ञानमंडळांतील कांहीं विद्यार्थ्यांसह मी शहरापासून दूर एका खेड्यांत आकाशदर्शनासाठीं गेलों होतों. तेथें आम्हीं मृग नक्षत्रांतील तेजोमेघाचीं छायाचित्रें घेतलीं, व त्यांवरून तयार केलेलें एक मोठें चित्र पुढें शाळेच्या प्रदर्शनांत मांडलें. तें पाहावयास एका विद्यार्थ्याची आजी आली होती. चित्रांतील गुलाबी प्रभा तिनें बराच वेळ न्याहाळली आणि मग मला विचारलें, "मास्तर, हा रंग आभाळांतला, कीं तुमच्या यंत्रांतला?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्यासारखें नव्हतें. आज ज्याच्या घरीं कॅमेरा व संगणक आहे, त्याला आकाशांतील अत्यंत अंधुक वस्तूचें चित्र काढतां येतें. आणि त्याच संगणकावर आकाशांत मुळींच नसलेली वस्तुही चित्रांत घालतां येते. ह्या दोहोंतील भेद कसा ओळखावा, हें ज्याला कळलें नाहीं त्याच्या हातीं कितीही सुंदर चित्र आलें तरी त्याला विज्ञान म्हणतां येणार नाहीं. म्हणून आजीच्या त्या प्रश्नाचें सविस्तर उत्तर येथें लिहीत आहें.

तेजोमेघाची ओळख

मृग नक्षत्र आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. चार कोपऱ्यांचे चार तारे हे मृगाचे पाय, आणि मधोमध एका ओळींत असलेले तीन तारे हा व्याधानें मारलेला बाण, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ह्या बाणाच्या दक्षिणेस लहान ताऱ्यांची एक आडव्या बाणाला जवळजवळ काटकोन करणारी ओळ आहे. तिच्या मधला तारा निरखून पाहिला असतां धुकट दिसतो. तोच हा तेजोमेघ. त्याला अभ्रिका असेंही नांव आहे.

तो आपणांपासून सुमारें 1,350 प्रकाशवर्षें दूर आहे. म्हणजे आमच्या कॅमेऱ्यांत त्या रात्रीं शिरलेला प्रकाश तेथून निघाला, त्या सुमारास महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचें राज्य होतें. त्याचा विस्तार सुमारें 24 प्रकाशवर्षें असून आकाशांत तो जवळजवळ एक अंश जागा व्यापतो. पूर्ण चंद्रबिंबाच्या व्यासाच्या ही दुप्पट होय. त्याच्या गाभ्यांत चार तरुण ताऱ्यांचा एक लहानसा चौकोन आहे. त्यांपैकीं सर्वांत प्रखर ताऱ्याच्या अतिनील किरणांनीं भोंवतालचा वायु प्रकाशमान होतो.

हा वायु आहे, हें प्रथम वर्णपटानें सिद्ध झालें. विल्यम हगिन्स ह्यांनीं 1864 मध्यें कालेय तारकासमूहांतील एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकांतून पाहिला, तेव्हां ताऱ्याप्रमाणें सलग रंगपट्टा न दिसतां निरनिराळ्या तेजस्वी रेषा दिसल्या. पुढील वर्षीं मृगांतील तेजोमेघाविषयींही तसेंच आढळलें. आपल्या पुण्यासही 1888 पासून 1912 पर्यंत विज्ञान महाविद्यालयाच्या आवारांत तख्तसिंगजी वेधशाळा होती. तेथील वीस इंच व्यासाची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनीं मृगांतील ह्याच तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. ह्या रेषांपैकीं 656.3 नॅनोमीटरची तांबडी रेषा हायड्रोजनची आहे, 500.7 नॅनोमीटरची हिरवी रेषा ऑक्सिजनची आहे. ही हिरवी रेषा कोणत्या पदार्थाची, हें कोडें पुष्कळ वर्षें सुटलें नव्हतें. तें 1927 मध्यें आयरा बोवेन ह्यांनीं सोडविलें.

मग हे रंग आपणांस डोळ्यांनीं कां दिसत नाहींत? कारण असें कीं, मंद प्रकाशांत आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखतां येत नाहीं. शिवाय डोळ्याला प्रकाश सांठवितां येत नाहीं. कॅमेऱ्याला तो येतो. हेन्री ड्रेपर ह्यांनीं 30 सप्टेंबर 1880 रोजीं ह्या तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें, तेव्हां त्यांची कांच 51 मिनिटें प्रकाश सांठवीत होती. तीन वर्षांनीं अँड्र्यू कॉमन ह्यांनीं घेतलेल्या छायाचित्रांत तर दुर्बिणींतूनही डोळ्यांस न दिसणारे तारे उमटले.

एका चित्राऐवजीं अनेक चित्रें

ड्रेपर ह्यांनीं एकच कांच दीर्घकाळ उघडी ठेविली. आम्हीं 30 सेकंदांचीं 120 चित्रें घेतलीं; मिळून एक तास झाला. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून तारे रेघांप्रमाणें उमटूं नयेत यासाठीं आकाशाबरोबर कॅमेरा फिरविणारें एक छोटें यंत्र आम्हीं वापरलें. तें ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. साध्या तिवईवर 50 मिलिमीटरचें भिंग लावून चार-पांच सेकंदांचीं दोनशें चित्रें घेतलीं तरीही अभ्यासास पुरेसें होतें. मात्र कॅमेऱ्यानें स्वतः सजविलेलें चित्र न घेतां त्याची मूळ नोंद, म्हणजे रॉ फाइल, घ्यावी.

अनेक चित्रें कशासाठीं, हें एका उदाहरणानें समजेल. वर्गाची लांबी एका विद्यार्थ्यानें मोजली तर थोडी चूक होते. सोळा विद्यार्थ्यांनीं मोजून सरासरी काढली, तर कोणाची चूक जास्तीची व कोणाची कमीची असल्यामुळें त्या चुका एकमेकींस खोडून काढतात, आणि सरासरींतील चूक साधारणतः चौथ्या हिश्शावर येते. अंधुक चित्रांतील रवाळपणा असाच यदृच्छेनें आलेला असतो. चित्रांची संख्या जितकी, तिच्या वर्गमूळाच्या पटीनें चित्र स्वच्छ होतें. सोळा चित्रांनीं चौपट, शंभरांनीं दसपट, आणि आमच्या 120 चित्रांनीं सुमारें अकरापट सुधारणा झाली. त्याची दुप्पट पाहिजे असती तर एका तासाऐवजीं चार तास थंडींत बसावें लागलें असतें.

यंत्राचे दोष काढणें

घरीं आल्यावर संगणकाचें पहिलें काम म्हणजे यंत्रानें घातलेली भर काढून टाकणें. कॅमेऱ्यांतील लक्षावधि चित्रकणांपैकीं कांहीं कण अंधारांतही आपोआप उजळतात. म्हणून त्याच रात्रीं, त्याच थंडींत, भिंगावर झांकण घालून तितक्याच सेकंदांचीं वीस काळोखचित्रें घ्यावीं. त्यांची सरासरी प्रत्येक चित्रांतून वजा करावी. दुसरा दोष भिंगाचा. त्यामुळें कडेला प्रकाश कमी पडतो, आणि धुळीच्या कणांचे डागही उमटतात. त्यासाठीं भिंगाची जुळणी न हलवितां त्यावर पांढरें कापड ताणून पहांटेच्या उजेडांत समप्रकाशचित्रें घ्यावीं. ह्या चित्रांतूनही यंत्राचा मूळ अंश वजा करावा लागतो, म्हणून झांकण घालून अत्यल्प काळाचीं कांहीं चित्रेंही घेऊन ठेवावीं. मग समप्रकाशचित्रांनीं मूळ चित्रांस भागावें. ह्या साऱ्या वजाबाक्या व भागाकार सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ह्या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणाली करून देतात.

त्यानंतर ताऱ्यांच्या खुणेनें सर्व चित्रें तंतोतंत एकावर एक बसवून त्यांची सरासरी काढावी. एखाद्या चित्रांत विमान किंवा कृत्रिम उपग्रह गेल्याची रेघ असते. त्या ठिकाणचा चित्रकण बाकीच्या चित्रांशीं मुळींच जुळत नाहीं, म्हणून प्रणाली तेवढाच अंश वगळते.

मंद प्रकाश उजळणें

ही सरासरी प्रथम पाहणाराची निराशा होते. सारें चित्र जवळजवळ काळेंच दिसतें! त्याचें कारण समजून घेतलें पाहिजे. सामान्यतः कॅमेरा प्रकाशाच्या 16,384 पायऱ्या मोजतो. पडद्यावर मात्र 256 च दाखवितां येतात. तेजोमेघाचा फिकट भाग तळच्या थोड्या पायऱ्यांत दाटीनें बसलेला असतो. म्हणून तळच्या पायऱ्या दूर दूर सारून वरच्या जवळ आणाव्या लागतात. ही क्रिया हळूहळू, अनेक वेळां करावी. तींत एक गोष्ट सांभाळावी: सर्व चित्राला एकच नियम लावावा. तसें केलें म्हणजे फिकट भाग उजळतो खरा, परंतु जो अधिक तेजस्वी तो अधिक तेजस्वीच राहतो. त्यांचा क्रम बिघडत नाहीं. आकाशाची पार्श्वभूमीही अगदीं काळी करूं नये. तसें केल्यास तेजोमेघाच्या कडेचे सूक्ष्म पदर तिच्याबरोबरच नाहींसे होतात.

ह्या क्रियेंत गाभा मात्र पांढराफटक होतो व ते चार तारे लोपतात. म्हणून आम्हीं दोन सेकंदांचींही वीस चित्रें घेतलीं होतीं. गाभा त्यांतून घेतला, आणि तें चित्राखालीं लिहिलें. गांवच्या दिव्यांची एका बाजूस आलेली पिंवळट छटा वजा केली. रंग ताऱ्यांवरून जुळविले. सामान्य कॅमेऱ्यांतील कांच हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचा बराच अंश अडविते, म्हणून आमच्या चित्रांतील तांबडेपणा प्रत्यक्षाहून कमीच आहे.

माझी चूक

येथवर सारें ठीक झालें. पण चित्र अधिक मोहक व्हावें असा लोभ मला सुटला. हल्लीं अशा प्रणाली निघाल्या आहेत, कीं ज्यांना हजारों चित्रें दाखवून तयार केलेलें असतें, आणि त्या अस्पष्ट भागांत बारकावे भरून देतात. तशा एका प्रणालीवाटें मीं आमचें चित्र काढलें. क्षणांत तेजोमेघांत नाजूक धाग्यांचें जाळें उमटलें. मी आनंदानें तें वर्गांत दाखविलें. सर्वांनीं वाहवा केली, एक नववींतील विद्यार्थिनी मात्र उठून म्हणाली, "सर, हे धागे आपल्या कोणत्या चित्रांतले?"

मी निरुत्तर झालों. तेव्हां आम्हीं एक परीक्षा ठरविली. 120 चित्रांचे साठ-साठांचे दोन गट केले, आणि दोन्हींवर त्याच क्रमानें तेच संस्कार केले. जें आकाशांत आहे तें दोन्हींत दिसलें पाहिजे; जें यदृच्छेनें किंवा यंत्राच्या कल्पनेनें आलें तें जुळणार नाहीं. तेजोमेघाचे मोठे पंख, गाभ्याजवळची काळी खांच, सर्व तारे, हें दोन्हींत सारखें निघालें. ते धागे मात्र एकांत एकीकडे वळले होते, तर दुसऱ्यांत दुसरीकडे. तें चित्र मीं काढून टाकलें. प्रदर्शनांत लागलें तें आधींचें, थोडें मऊ व थोडें रवाळ चित्र होय. विद्यार्थ्यांपैकीं दोघांना त्याचें वाईट वाटलें. मलाही वाटलें, हें लपवीत नाहीं.

घरीं करून पाहणाऱ्यांस

ह्या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मूळ चित्रें कधींही पुसूं नयेत. कोणता संस्कार कोणत्या क्रमानें केला, हें वहींत टिपून ठेवावें. जो नियम लावावयाचा तो सर्व चित्राला लावावा. एखाद्या भागाला वेगळा लावला, तर तसें चित्राखालीं लिहावें. आणि एखादा बारकावा खरा कीं खोटा अशी शंका आल्यास चित्रांचे दोन गट करून पाहावें.

पालकांस विनंती अशी कीं, ह्यासाठीं महागडी दुर्बीण घेण्याची घाई करूं नये. घरांत असलेल्या कॅमेऱ्यानेंच आरंभ करावा. मात्र मुलांना रात्रीं एकटें पाठवूं नये. त्यांच्याबरोबर आपणही जावें. एक तास आकाशाखालीं बसण्यांत आपलाही लाभ आहे.

आतां आजीचा प्रश्न. मीं तिला सांगितलें, "आजी, रंग आभाळांतलाच आहे, तो इतका मंद होता कीं डोळ्यांना दिसेना, म्हणून यंत्रानें फक्त उजळला. आणि चित्रांत यंत्राचा जो कचरा आला होता, तो काढून टाकला." ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे तांदूळ निवडले म्हणा. भेसळ नाहीं केली."

ह्याहून अचूक व्याख्या मला कोणत्याही पुस्तकांत आढळली नाहीं. त्या दिवशीं तिच्यापुढें मान वर करून मला "नाहीं केली" असें म्हणतां आलें. त्याचें श्रेय वर्गांत उठून प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीचें आहे.