दहांवरचे नायक

शास्त्रपाठ : निर्गम 18:13–26, लूक 16:10–12, योहान 13:3–15



मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसे. तें पाहून त्याचा सासरा इथ्रो यानें त्यास बजाविलें कीं, या रीतीनें तूंही थकशील व लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमण्यांत आले. हा भाग वाचतांना आपली दृष्टि हजारांवरच्या नायकाकडे जाते. आज दहांवरच्या नायकाकडे पाहूं. कारण हायस्कुलांत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींची जागा तेथेंच आहे.

पुष्कळ खेड्यांत उपासना, शब्बाथ शाळा, दानाचा हिशेब व आजाऱ्यांची भेट हें सर्व एकटा उपदेशक करितो. तो तापानें निजला कीं त्या रविवारीं मंदिराचें दार उघडत नाहीं. इकडे एखादा मुलगा दहावी होऊन कामाकरितां मीरा-भाईंदरला जातो. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस वसलेलें, 2002 सालीं महानगरपालिका झालेलें हें दाट वस्तीचें शहर. तेथें त्याला ओळखणारें कोणी नसतें. गांवीं ज्याच्यावर कसलाच भार नव्हता, तो तेथें चार बंधूंना जमवून प्रार्थना चालवील, ही आशा कशाच्या बळावर धरावी?

भार दिल्यानें मुलें कशीं घडतात हें साताऱ्यास दिसून आलें. भाऊराव पाटील (1887–1959) हे जैन घराण्यांतले. पण त्यांच्यापासून शिकण्यांत आपणांस कमीपणा नाहीं. 1919 सालीं काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, व 1924 सालीं साताऱ्यास वसतिगृह काढिलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत व एका पंक्तीस जेवीत. त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. 1940 सालीं त्यांनीं महाराजा सयाजीराव हायस्कूल काढिलें, आणि श्रम करून शिकण्याची त्यांची रीत ‘कमवा व शिका’ या नांवानें प्रसिद्ध झाली. जेथें मुलें स्वतः राबतात, तेथें पाणी कोणी आणावें, धान्य किती उरलें, आळशाला कसें उठवावें, हें त्यांनाच पाहावें लागतें.

आपल्याकडे मात्र नाताळांत मुलाकडून पाठ केलेलें भाषण म्हणवून घेतात व टाळ्या देतात. भाषण वाईट नाहीं. पण सभा संपल्यावर सतरंज्या कोणी गुंडाळल्या?

म्हणून नववी-दहावींतील एखाद्या मुलास किंवा मुलीस दहा लहान मुलांचा वर्ग तीन महिने द्या. (मुलींस विसरूं नका, हिशेबांत त्या बहुधा चोख असतात.) हजेरीची वही व दानाची पेटी तिच्याच हातीं असावी, आणि महिन्याअखेरीस तिनें मंडळीपुढें हिशेब वाचावा. दोन रुपये कमी भरले तर चारचौघांत बोलूं नये; एकांतांत तिच्याबरोबर पुन्हा बेरीज करावी. वडील मंडळी म्हणतील, पोरांच्या हातीं पैसा कशाला? परंतु लूकच्या अध्यायांत थोडक्यांतल्या विश्वासूपणाची परीक्षा धनानेंच घेतली आहे. परीक्षेच्या दिवसांत काम दुसऱ्याकडे सोंपवावें. अभ्यास बुडवून सेवा करविणें हा अन्याय होय. सर्वांत कठीण काम उपदेशकाचें : तिच्या वर्गाच्या वेळीं त्यानें मागें बसावें व गप्प राहावें, गीत भलत्या सुरांत निघालें तरीही.

विचारासाठीं प्रश्न

1. इथ्रोनें नायकांत कोणते गुण पाहावयास सांगितले? त्यांत वक्तृत्व आहे काय?

2. पाय धुण्याचें काम एरवीं कोणाचें असे? प्रभूनें तें कोणत्या वेळीं केलें?

3. आपल्या मंडळींत उपदेशक एकटाच करितो अशीं पांच कामें सांगा. त्यांपैकीं कोणतें, येत्या रविवारीं, कोणाच्या हातीं देतां येईल?