जिवंतपणी लागणारे चार खांदे

(लघु ख्रिस्ती समूहांसाठी अभ्यासपाठ. एकत्र जमण्यापूर्वी घरी वाचावे : मार्क २:१-१२, योहान ९:१-३, निर्गम १७:८-१३)



आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबे रविवारच्या मिस्सेला आळीपाळीने येतात. पहिल्या मिस्सेला वडील, दुसऱ्या मिस्सेला आई. लग्नाच्या मांडवात ती जेवणापुरती दिसतात, वाडीतल्या रोझरीला दिसतच नाहीत. लोकांना वाटते, माणसे बदलली. खरे कारण वेगळे असते. त्या घरात एक स्वमग्न मूल असते आणि त्याला सोडून दोघांना एकाच वेळी बाहेर पडता येत नाही. अशा मुलांविषयी थोडे आणि त्यांच्या आईवडिलांविषयी अधिक, असा या पाठाचा विषय आहे. हे आईवडील एकमेकांचा आधार कसे होऊ शकतील आणि आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो, याचा विचार करू या.

स्वमग्नता म्हणजे काय?

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा संसर्गाने होणारा आजार नाही, वेडही नाही. मेंदूच्या वाढीतील हे एक वेगळेपण आहे आणि त्याची चिन्हे बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतात. मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, उशिरा बोलते किंवा बोलतच नाही. एकच खेळ, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करते. ठरलेला क्रम मोडला तर अनावर होते. मिक्सरचा आवाज, फटाके, देवळातला कर्णा, गर्दीतला स्पर्श त्याला असह्य होतो. सर्व मुले मात्र सारखी नसतात. काहींना आयुष्यभर सांभाळावे लागते, तर काही महाविद्यालयात शिकतात आणि नोकरी करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. चार हजार भाविकांच्या धर्मग्रामाला हे प्रमाण लावले, तर सुमारे एकतीस जण होतात. आपल्याला त्यांतले किती ठाऊक आहेत?

दोष कोणाचा?

आम्हा धर्मगुरूंकडे असे आईवडील येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न उपचाराचा नसतो. 'फादर, आमचे काय चुकले?' असे ते विचारतात. पुष्कळदा हा प्रश्न त्यांच्या मनात दुसऱ्यांनी पेरलेला असतो. सासरचे म्हणतात, आई नोकरीला जाते म्हणून. शेजारी म्हणतात, टीव्ही दाखवला म्हणून. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी पूर्वजांचा शाप काढतो.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच विचारले होते. पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले. देवाचे कार्य त्याच्या ठायी प्रकट व्हावे, अशी दिशा त्याने दाखवली आणि लगेच तो कामाला लागला. म्हणून, मुलासाठी प्रार्थना करणे योग्यच आहे. परंतु मुलाला भूतबाधा झाली आहे, घरावर शाप आहे, असे सांगून आईवडिलांना घाबरवणे शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे.

दोष देण्याची चूक फक्त अडाणी माणसांनी केली असे नाही. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे या मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणाविषयी त्यांनी लिहिले आणि ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारख्या लेखकांनी तर सारा दोष आयांच्या माथी मारला. शेवटी १९६९ साली पालकांच्याच एका अधिवेशनात कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले. तोवर एका पिढीच्या आयांनी ते ओझे वाहिले होते. लसीचेही तसेच. गोवर, गालगुंड व रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ सालचा लेख संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि मोठमोठ्या पाहण्यांत असा संबंध आढळला नाही. 'आपण लस दिली म्हणून असे झाले' या विचाराने कोणी झुरत असेल, तर त्याने ते ओझे आज खाली ठेवावे.

आईवडिलांनी आईवडिलांना उचलले

या विषयातले पुष्कळसे चांगले काम आईवडिलांनीच उभे केले आहे. इंग्लंडमध्ये १९६२ साली काही पालकांनी एकत्र येऊन संस्था स्थापली आणि १९६५ साली आपल्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांतल्या लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आईही होत्या. अमेरिकेत बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ साली ग्रंथ लिहून आयांवरील आरोप खोडून काढला आणि पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. आपल्या देशात मेरी बरुआ या आईने १९९१ साली दिल्लीत 'अॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, यामागे पालकांची धडपड होती.

चर्चमध्येही असेच घडले. फ्रान्समधील प्रोफी दांपत्याला तीव्र अपंगत्व असलेले दोन मुलगे होते. लूर्ड्सच्या यात्रेत त्यांना घेण्यास नकार मिळाला. ती मंडळी स्वतःच गेली, तेव्हा राहण्याच्या ठिकाणी त्यांना जेवण खोलीतच घेण्यास सांगितले गेले, कारण इतर पाहुण्यांना ती मुले नजरेसमोर नको होती. या दुःखातून १९७१ सालच्या ईस्टरला लूर्ड्स येथे बारा हजार लोकांची यात्रा भरली. त्यांत सुमारे चार हजार बौद्धिक अपंगत्व असलेले होते. परतल्यावर ती कुटुंबे छोट्या गटांनी जमत राहिली आणि 'श्रद्धा व प्रकाश' ही चळवळ जन्मली. एका घराचा अपमान हजारो घरांचा आसरा झाला.

'त्यांची' श्रद्धा

पक्षाघाती माणसाची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. चौघे त्याला खाटेवर उचलून आणतात. दारात गर्दी असते, म्हणून छप्पर उकलतात आणि त्याला येशूपुढे खाली सोडतात. मार्क सांगतो की, येशूने 'त्यांची' श्रद्धा पाहिली. त्यात खाट वाहणारे आलेच. तो रुग्ण एक शब्दही बोलत नाही.

आपल्याकडे चार खांदे म्हटले की अंत्ययात्रा आठवते. मेल्यावर खांदा द्यायला सारा गाव लोटतो. शुभवर्तमानातले चौघे जिवंत माणसाला उचलतात. स्वमग्न मुलाच्या घराला हे चार खांदे आजच हवे आहेत.

'मुलाला काही कळत नाही, त्याला पहिले कम्युनियन कसे द्यायचे?' असे विचारले जाते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ सालच्या 'साक्रामेन्तुम कारितातिस' या पत्रात सांगितले आहे की, स्नानसंस्कार व दृढीकरण झालेल्या बौद्धिक अपंगांना शक्य तेथे ख्रिस्तशरीर द्यावे; ते त्यांना साथ देणाऱ्या कुटुंबाच्या किंवा समाजाच्या श्रद्धेतही ते स्वीकारतात. खाटेच्या कथेचाच हा अर्थ आहे. म्हणून ज्या आईवडिलांनी हा विषय मनातच ठेवला आहे, त्यांनी निःसंकोच धर्मगुरूंना भेटावे.

गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथोलिक तत्त्वज्ञाने समस्या आणि रहस्य यांत फरक केला. समस्या माझ्यासमोर असते, ती मी बाहेरून सोडवतो. रहस्यात मी स्वतःच गुंतलेला असतो. मुलाची शाळा, औषध, थेरपीचा खर्च या समस्या आहेत व त्या सोडवायला हव्यात. पण मूल समस्या नाही. त्याला सोडवायचे नसते, त्याच्याबरोबर राहायचे असते. आईवडील हे अनुभवाने जाणतात. आपण इतरांनी ते शिकायचे आहे.

आधारगट कसा चालवावा?

चार-पाच घरे पुरे आहेत. महिन्यातून एकदा, कोणाच्या तरी ओटीवर किंवा धर्मग्रामाच्या सभागृहात, मुलांसह जमावे. काही पथ्ये मात्र पाळावीत.

१. गटातले बोलणे गटातच राहावे. नवऱ्याचे, सासूचे, पैशाचे बोलणे बाहेर गेले, तर दुसऱ्यांदा कोणी तोंड उघडणार नाही.

२. मुलांची तुलना करू नये. 'आमचा चौथ्या वर्षी बोलला' हे वाक्य ज्याचे मूल दहाव्या वर्षीही बोलत नाही त्याला फार लागते.

३. आधी ऐकावे, विचारल्यावरच सल्ला द्यावा. कधी कधी आईला उपाय नको असतो. 'रात्रभर झोपले नाही' हे ज्याला समजते असे माणूस हवे असते.

४. वडिलांना आणावे. बाप कामात बुडून जातो आणि आई एकटी पडते, असे अनेक घरांत होते. दोन बाप एकत्र बसले की, जे घरी बोलत नाहीत ते तेथे बोलतात.

५. भावंडांना विसरू नये. 'तू शहाणा आहेस, समजून घे' हे ऐकत वाढलेल्या मुलालाही कोणीतरी त्याच्या हक्काचा वेळ द्यायला हवा.

६. अनुभव वाटून घ्यावा. दात घासायला कसे शिकवले, केस कापायला कोठे नेले, कोणती शाळा खरोखर घेते, कोणत्या वेळच्या लोकलला गर्दी कमी असते, हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही.

७. फसवणुकीपासून एकमेकांना वाचवावे. स्वमग्नता पूर्ण बरी करणारे औषध नाही. लवकर सुरू केलेली स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी व योग्य शिक्षण यांचा उपयोग होतो. 'सहा महिन्यांत खात्रीने बरा करतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी गटात विचारावे.

मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन व हूर यांनी त्याला दगडावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी हात धरले. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. मोशेला कोणी 'धीर धर' असे लांबून सांगितले नाही. आधारगटाचे कामही हात धरण्याचेच आहे. एखाद्या आईचे मन कशातच लागेनासे झाले, जगणे नको असे ती बोलू लागली, तर मात्र गटाने तिला एकटी न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. तेही हात धरणेच आहे.

'आमच्यामागे काय?'

वयस्क आईवडिलांच्या मनात रात्री हा प्रश्न येतो. श्रद्धेने तो देवावर सोपवावा, पण जे आपल्या हातात आहे ते करावेही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र घेऊन यूडीआयडी कार्ड काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे व त्यात थेरपीचाही विचार केला आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की, कायद्याने आईवडिलांचे पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. १९९९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. हे कागद एकट्याने करताना माणूस कंटाळतो. गटातील एकाने एकदा केले की बाकीच्यांची वाट सोपी होते.

इतरांनी काय करावे?

पोप फ्रान्सिस यांनी २२ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हॅटिकनमध्ये स्वमग्न व्यक्ती व त्यांच्या कुटुंबांची भेट घेतली आणि त्यांच्याभोवतीचा एकटेपणा व कलंक मोडण्याचे आवाहन केले. आपण ते तीन गोष्टींनी सुरू करू शकतो. मिस्सेत एखादे मूल ओरडले, तर मागे वळून पाहू नये. दाराजवळचा शेवटचा बाक या कुटुंबांसाठी मोकळा ठेवावा, म्हणजे गरज पडल्यास त्यांना बाहेर जाऊन परत येता येईल. आणि प्रत्येक लघु समूहाने आपल्या वाडीतील अशा एका घराशी ओळख वाढवावी. मूल आपल्याला ओळखू लागले की आठवड्यातून दोन तास त्याच्याजवळ बसावे. त्या दोन तासांत आईवडील एकत्र मिस्सेला येऊ शकतील. कित्येक वर्षांत ते शेजारी बसलेले नसतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत असे कोणते घर आहे? तेथे आपण शेवटचे केव्हा गेलो?

२. मार्कच्या कथेत दारातल्या गर्दीने वाट अडवली. आपल्या देवळात, शाळेत, समारंभात ही गर्दी कोणत्या रूपात दिसते?

३. पुढच्या रविवारपर्यंत आपला समूह कोणते एक काम करील? ते कोण करील, हेही ठरवावे.

प्रार्थना

हे प्रभो, जी लेकरे शब्दांनी तुझे नाव घेऊ शकत नाहीत, त्यांना तू नावाने ओळखतोस. त्यांच्या आईवडिलांचे थकलेले हात धर, आणि ते धरण्यासाठी आमचे हात वापर. आमेन.

- प्रमुख धर्मगुरू