धम्म-अभ्यास : गायरान कोणाचे?



औरंगपुऱ्यात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात सांगितले, की सरकारच्या जंगल खात्याने गावोगावची गायराने घेतली आणि गरिबाच्या गुरांना चरायला जागा उरली नाही. त्याच ग्रंथात, माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घाला, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे जमिनीचे रक्षण हवेच. पण गरिबाला हुसकून नको.

आज हाच प्रश्न जगापुढे आहे. पृथ्वीवरील राहण्याजोग्या जमिनीपैकी सुमारे निम्मी शेती व चराईखाली गेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी २०३० पर्यंत ३० टक्के जमीन व समुद्र निसर्गासाठी राखण्याचे ठरविले. वाटा दिलाच पाहिजे. पण तो कोणाच्या ताटातून काढायचा?

मराठवाड्यातील आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन नव्हती. म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. १४ एप्रिल १९९० पूर्वी गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी काढला. तरीही अनेकांच्या नावे सातबारा झालेला नाही. ज्याला कधी जमीन मिळाली नाही, त्याच्याच दोन एकरांवर निसर्गाच्या नावाने प्रथम बोट ठेवणे हा न्याय नव्हे.

परंतु आपलेही कर्तव्य आहे. गायरान म्हणजे नुसते पडीक रान नव्हे. तेथे गवत आहे, बोरी-बाभळी आहेत, तितर-ससे आहेत. आणि आपल्याच भूमिहीन शेजाऱ्याच्या शेळ्या तेथेच चरतात. सगळे नांगरले तर पहिला उपाशी राहील तो हा शेजारी.

पावसाळ्यात भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत व बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. तेव्हा भगवान बुद्धांनी वर्षावास घालून दिला. भिक्खूंनी फिरणे सोडले नाही. फक्त तीन महिने पाऊल आवरले. आपणही कसावे, पण उतार गवताला सोडावा, ओढ्याचा काठ नांगरू नये, बांधावर झाड राखावे.

घरी चर्चा करावी
१. आपल्या गावचे गायरान किती होते? आज ते कोणाकडे आहे?
२. कसणाऱ्याचा सातबारा आणि शेजाऱ्याची चराई, दोन्ही कशी राहतील?